सोमवारी सुरू झालेला पास

मी एक जुना पास आहे, मित्रांनो. परीक्षेतला नव्हे, प्रवासातला. तळहाताएवढा, प्लास्टिकचा, पुढच्या बाजूला उंच मनोऱ्याचं चित्र आणि पाठीवर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. धरणगावात ईश्वरभाऊंच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर मी पडून असतो. पाहुणे आले की मला बाहेर काढतात, माझ्यावर हसतात आणि परत ठेवून देतात. तुम्ही मुलं आहात, तुम्ही कदाचित हसणार नाही, म्हणून माझी कहाणी तुम्हाला सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म दिल्लीजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या पत्र्यासारख्या प्लास्टिकच्या तावातून मला कापलं, माझ्या पोटात नखाएवढा चकचकीत तुकडा बसवला आणि वरून रंग चढवला. तो तुकडा म्हणजे माझं काळीज. ते जागं झालं की शहरातल्या मेट्रोची दारं माझ्यापुढे उघडणार, स्थळं दाखवणाऱ्या बसमध्ये मला मान मिळणार, किल्ल्याच्या फाटकावर रांग न लावता माझा धनी आत जाणार. एवढं भाग्य किती वस्तूंच्या वाट्याला येतं? मी अगदी हरखून गेलो होतो.

आम्ही भावंडं पुष्कळ. कोणी एका दिवसाचा, कोणी तीन दिवसांचा, कोणी आठवड्याचा. कोणी नुसता मेट्रोचा, कोणी नुसता बसचा, कोणी दोन्ही मिळून. एका दिवसाचा पास फार तोऱ्यात असायचा. लोक मला झटकन घेतात, असं तो म्हणायचा. झटकन घेतात आणि झटकन फेकतात, असं आम्ही त्याला चिडवायचो. मी तीन दिवसांचा, मेट्रो आणि बस दोन्हींचा. ना फार मोठा, ना फार छोटा. पण नियम आम्हा सगळ्यांना एकच होता. पहिला स्पर्श झाला की आमचं आयुष्य सुरू. माझ्या पाठीला फोन टेकवला तरी मी जागा होतो. त्यानंतर धनी फिरो वा झोपो, तीन दिवस-रात्री संपल्या की मी संपलो. हे सगळं माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे. बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, पण लिहिलेलं आहे. हे लक्षात ठेवा.

आता मला जिने निवडलं तिच्याबद्दल सांगतो. तिचं नाव ललिता, ईश्वरभाऊंची बायको. धरणगावातल्या आठ-नऊ जणींनी मिळून केळीचे वेफर्स तळायचा गट काढला होता, त्याची ती पुढारी. भट्टीसमोर दिवसभर झारा चालवून तिच्या मनगटावर तेलाचे डाग पडले होते. गटाची कमाई बरी झाली तेव्हा बायकांनी ठरवलं की एकदा दिल्ली पाहून यायची, आणि कसं फिरायचं ते ललिताने ठरवायचं.

मित्रांनो, त्या बाईच्या आयुष्यात तिने स्वतः निवडलेली अशी फारशी गोष्टच नव्हती. तांदूळ तेवढे निवडले. नवरा बापाने निवडला, घर नवऱ्याने, लेकीचं नाव नणंदेने. त्यामुळे पास निवडायचं काम आलं तेव्हा तिने ते देवाचं काम असल्यासारखं हाती घेतलं. भट्टी विझली की ती मोबाइल घेऊन ओट्यावर बसायची. शेजारी लेक चारुलता. चारू इंग्रजी वाचून दाखवायची आणि ललिता प्रश्न विचारायची. नुसता मेट्रोचा पास घेतला तर मनोऱ्यापर्यंत स्टेशनवरून चालत किती? गटातल्या वयस्कर भुरीबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का? नुसता बसचा घेतला आणि बस गर्दीत अडकली तर? एका दिवसात सगळं बघायचं म्हणजे दिल्ली बघणं नव्हे, दिल्लीला शिवून पळणं झालं. आठवडाभराचा घ्यावा तर भट्टी कोण पेटवणार? असा कीस काढून काढून ती माझ्यापाशी येऊन थांबली. चारू म्हणाली, "आई, हाच. हा आपल्याला बरोबर बसतो." मला शहाण्या माणसांनी विचार करून निवडलं होतं. आज कोणी काही म्हणो, ती निवड चोख होती.

पण ही सगळी धडपड नुसत्या मौजेसाठी नव्हती. बारावीनंतर चारूला दिल्लीच्या एका कॉलेजात भूगोल शिकायला जागा मिळाली होती. वसतिगृहही मिळत होतं. आषाढ संपायच्या आत होकार कळवायचा होता. घरात त्यावरून रोज खल चालायचा. ईश्वरभाऊ कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेबनीस. आवाज कधी वाढवायचे नाहीत. गावात त्यांचं नाव चांगलं, बायकोला बाहेर पडू देणारा माणूस म्हणून सगळे वाखाणायचे. त्यांनी नाही कधीच म्हटलं नाही. एके दिवशी गटाच्या बायकांसमोर ते हसून म्हणाले, "शहरात बाईमाणसाला एकटीने वावरता येतं की नाही, हाच प्रश्न आहे ना? मग तू या सगळ्यांना दिल्ली दाखवून सुखरूप घेऊन ये. नीट जमलं तर चारूही जाईल. माझा शब्द."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. चारूने आईचा हात घट्ट धरला. अशा रीतीने त्या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य माझ्यासारख्या प्लास्टिकच्या तुकड्यावर येऊन बसलं. मला तेव्हा याचा अभिमान वाटला, हे सांगताना आज जीव जळतो.

आम्ही पार्सलने आलो. बायकांनी आपापला पास घरी नेला. ललिताने मला देवघरात ठेवलं. सासूबाई धुरपदाबाई, म्हातारी, कमरेत वाकलेली. ती रोज मला हळदीकुंकू लावायची आणि चष्मा नसल्यामुळे ते मनोऱ्याच्या टोकावर लागण्याऐवजी भलतीकडेच लागायचं. या घरात ललिताच्या बाजूने उघड बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. सून संकोचली की ती म्हणायची, "मी कोठेच गयी नही पोरी. तू तरी जाय. मनी नात बी जाई." मला ती म्हातारी मनापासून आवडायची.

मग एक घोळ निघाला. रेल्वेची तिकिटं मिळाली ती बुधवारची, आणि दिल्ली तर उत्तरेला. धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"बुधवारले उत्तर दिशाले कोनी जास का?" ती म्हणाली. "दिशाशूळ शे. तिकीट काढेल शे ते राहू दे, पन आपू सोमवारले परस्थान ठी देऊत."

परस्थान म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल. जायचा दिवस वाईट असला तर त्याच्या आधीच्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, प्रवासात बरोबर न्यायची एखादी वस्तू घराबाहेर काढायची. सुपारी, तांदूळ आणि हळकुंड यांच्यासोबत ती फडक्यात बांधायची आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे ठेवून द्यायची. म्हणजे प्रवास त्या शुभ वेळी सुरू झाला असं धरतात. माणूस मग वाईट दिवशी निघालं तरी चालतं, जाताना पुरचुंडी उचलून घ्यायची. जुन्या लोकांनी काढलेली ही गोड पळवाट आहे. तिच्यात वाईट काहीच नव्हतं. गटातल्या इतर घरी कोणी साडी ठेवली, कोणी डबा ठेवला. धुरपदाबाईंनी ठरवलं, पास ठेवायचा. त्याच्याशिवाय सुनेचं पाऊल दिल्लीत पडणार नव्हतं.

सोमवारी दिवस कलताना चांगली वेळ होती. ललिता तेव्हा भट्टीवर होती आणि चारू कागदपत्रांच्या कामाला जळगावला गेली होती. ईश्वरभाऊ त्या दिवशी लवकर घरी आले. आईने त्यांच्या हातात मला दिलं आणि फडकं आणायला आत गेली.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मी आणि तो माणूस सोडून कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी मला उलटं केलं. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. मग उजेडात दाराशी नेऊन पुन्हा वाचली. हिशेबनीस माणूस, एक शब्द सुटला नसेल. मग चष्मा खिशात ठेवला आणि आई बाहेर आल्यावर अगदी प्रेमाने म्हणाले, "आई, पास नुसताच ठेवला तर त्याचा काय उपयोग? मुहूर्तावर चालूच करून ठेवू. म्हणजे प्रवास खरोखर चांगल्या वेळी सुरू झाला."

म्हातारीचा चेहरा उजळला. "असं व्हस का? मंग कर भाऊ, कर." लेकाला ती भाऊच म्हणायची.

"तुझ्याच हाताने कर. तुझा आशीर्वाद लागेल." त्यांनी आपला फोन पुढे धरला, आईचा हात मनगटाशी धरला आणि मला त्या फोनवर टेकवलं.

माझ्या पोटात दिवा लागल्यासारखं झालं. मी जागा झालो. ज्या क्षणाची आम्ही पास लोक जन्मभर वाट पाहतो, तो माझा क्षण धरणगावच्या ओसरीवर येऊन गेला. ना मेट्रो, ना मनोरा. समोर शेळीचं एक पिल्लू होतं. मला ओरडायचं होतं की अरे, आत्ता नको. पण देवाने आम्हाला काळीज दिलं आणि तोंड दिलं नाही. फोनवर हिरवी खूण उमटली. ईश्वरभाऊंनी ती आईला दाखवली. म्हातारीने मला डोक्याला लावलं.

उत्तरेचं घर नूर महंमदचं. तो गाद्या-रजया भरायचा आणि त्याची बायको शहनाज ललिताच्याच गटात होती. धुरपदाबाईंनी माझी पुरचुंडी तिच्या हातात दिली. शहनाजला ही रीत लहानपणापासून माहीत होती, तिने ती नीट कापसाच्या ढिगाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवली. तिथे सुपारीशेजारी पडून माझं आयुष्य सरू लागलं. त्या कोनाड्यात मी जेवढा रडलो तेवढा पुढेही कधी रडलो नाही. मी स्वतःसाठी रडत नव्हतो. मला त्या पोरीचा घट्ट धरलेला हात आठवत होता.

बुधवारी ललिताने मला उचललं आणि पर्समध्ये ठेवलं. जळगाव स्टेशनवर पोचवायला ईश्वरभाऊ स्वतः आले. त्यांनी सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेतल्या, भुरीबाईंची पिशवी वर ठेवून दिली आणि गाडी हलताना बायकोला म्हणाले, "जपून हं." बायका आपसांत बोलल्या की असा नवरा मिळायला नशीब लागतं. मी पर्समध्ये होतो आणि माझ्या अंगाची आग होत होती.

गाडीत ललिता झोपलीच नाही. खांडवा गेलं, भोपाळ गेलं, ती खिडकीला गाल लावून बसली होती. शहनाजला ती सांगत होती की दिल्लीत तिसऱ्या दिवशी बाकीच्यांना बाजारात सोडून आपण चारूच्या कॉलेजपर्यंत जाऊन येऊ. वसतिगृहापासून कॉलेज किती, वाटेत दिवे आहेत का, ते डोळ्यांनी पाहू. "मी पाहिलं म्हणजे मला रात्री झोप लागेल, शहनाज." शहनाज म्हणाली, "भाभी, पोरगी गेली ना, की मग आपण दोघी दर वर्षी येऊ तिला भेटायला."

गुरुवारी सकाळी दिल्लीत उतरल्यावर ललिताने ठरल्याप्रमाणे मला आपल्या फोनला टेकवलं. फोनवर हिरव्या अक्षरात चालू असं आलं. ती हसली. मी आधीपासूनच चालू होतो आणि शेवटाला आलो होतो, हे तिला कसं कळावं?

पण तो दिवस, मित्रांनो, मला विसरता येत नाही. दुपार उतरेपर्यंत मी पास म्हणून जगलो. मेट्रोच्या दाराशी मी टेकलो की दोन्ही फळ्या अदबीने बाजूला व्हायच्या. ललिता पलीकडे उभी राहून एकेकीला आत घ्यायची. कोणी पास उलटा धरायची, कोणी हात आत घालून पाय बाहेर ठेवायची. सरकत्या जिन्यावर भुरीबाईंनी आधी नमस्कार केला आणि मग पाऊल टाकलं. मनोऱ्यापाशी बसमधून उतरल्यावर सगळ्या जणी मान वर करून उभ्या राहिल्या. एक जण म्हणाली की आपल्या जिनिंगच्या चिमणीपेक्षा उंच आहे. ललिताने मला पर्समधून काढलं, माझ्या अंगावरचा मनोरा आणि समोरचा मनोरा शेजारी धरून पाहिला. तिने तिथूनच चारूला फोन केला. "सगळं बरोबर चाललंय गं. अगदी आपण ठरवलं तसं." बायका म्हणाल्या की ललिता जन्मापासून दिल्लीतच राहिल्यासारखी वागते. त्या बाईला इतकी ताठ उभी राहिलेली मी पुन्हा पाहिली नाही.

परतताना ऊन उतरलं होतं आणि कचेऱ्या सुटायची वेळ जवळ आली होती. मेट्रोच्या दाराशी गर्दी दाटली. ललिताने बायकांना पुढे काढलं, सगळ्या पलीकडे गेल्या, आणि सर्वांत शेवटी तिने मला टेकवलं.

दार उघडलं नाही. लाल दिवा लागला.

तिने पुन्हा टेकवलं. पदराने पुसून टेकवलं. मागून लोक ओरडायला लागले. मी संपलो होतो. माझ्या पोटातला दिवा नुकताच विझला होता. पलीकडे बायका घाबरल्या. तेवढ्यात खालून गाडी आल्याचा आवाज झाला आणि गर्दीच्या लोंढ्याने त्यांना जिन्याकडे ढकललं. "थांबा, कोणी गाडीत चढू नका," असं ललिता ओरडली, पण आवाज पोचला नाही. शहनाज तेवढी खांबाला धरून दारापाशी राहिली. बाकीच्या फलाटावर सापडल्या. भुरीबाई सापडल्या नाहीत. गर्दीने त्यांना उचलून डब्यात घातलं होतं आणि गाडी निघून गेली होती.

ललिता मदतीच्या खिडकीकडे धावली. तिथल्या माणसाने आधी भुरीबाईंचं वर्णन घेऊन पुढच्या स्टेशनांना कळवलं. मग त्याने मला यंत्राखाली धरलं आणि म्हणाला, "मैडम, यह तो सोमवार शाम से चालू है. आज शाम को ख़त्म हो गया."

"सोमवार?" ललिता म्हणाली. "सोमवारी तर आम्ही घरी होतो."

"किसी ने चालू किया होगा. फोन से भी होता है." त्याने मला परत दिलं आणि पुढच्या माणसाकडे वळला.

ललिता खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिली. सोमवार म्हटल्यावर तिला परस्थान आठवलं, आणि परस्थान म्हटल्यावर सासू, तिची आत्याबाई. दाराच्या पलीकडून शहनाज सगळं ऐकत होती. पुरचुंडी तिच्याच कोनाड्यात होती ना.

"भाभी," शहनाज हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई के पास तो फोन है ही नहीं."

ललिताने ते ऐकलं. मी तिच्या मुठीत होतो, तिची बोटं माझ्याभोवती कशी आवळली ते मला कळलं. पण ती म्हणाली, "आधी भुरीबाई सापडू देत." तो विषय तिने तिथेच पुरला. मित्रांनो, काही गोष्टी माणसाला कळतात, पण त्या कळल्या असं मान्य केलं तर उद्या त्याच घरात भाकरी कशी थापायची, हा प्रश्न उभा राहतो.

भुरीबाई अंधार पडल्यावर सापडल्या. शेवटच्या स्टेशनवर बाकावर बसून त्या चिवडा खात होत्या आणि तिथल्या शिपाई पोरीने त्यांना चहा दिला होता. "गाडी खूप ग्वाड शे," त्या म्हणाल्या. "एक बी धक्का लागना नही." त्यांना काही झालं नव्हतं. उलट त्यांचीच दिल्ली सगळ्यांत जास्त पाहून झाली होती. पण मधल्या वेळेत गटातल्या एकीने घाबरून घरी फोन केला होता. धरणगावात बातमी पोचली तेव्हा भुरीबाई हरवल्या होत्या, चौकात पोचली तेव्हा त्यांना पळवून नेलं होतं, आणि बाजारपेठेत पोचेपर्यंत त्या बिचाऱ्या गाडीखाली आल्या होत्या. बायकांच्या घरून फोनवर फोन आले. दुसऱ्या दिवशीच सगळ्या परतीच्या गाडीत बसल्या. चारूचं कॉलेज पाहायचं राहून गेलं.

घरी ओसरीवर सगळे जमले होते. ईश्वरभाऊंनी बायकोला आधी पाणी दिलं. ती पाणी पिईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मी काही बोलणार नाही. तूच सांग. तूच पास निवडलास, तूच माणसं नेलीस. आपली वयस्कर बाई हरवते, तर उद्या ही पोरगी एकटी?"

चारू पुढे आली. "पप्पा, पास बरोबरच होता. मी स्वतः वाचलंय. तीन दिवस चालायला हवा होता. कोणीतरी आधी..."

"चूप," ललिता म्हणाली.

कारण दाराशी धुरपदाबाई उभी होती. भिंतीला धरून, घाबरलेल्या डोळ्यांनी सुनेकडे पाहत. "पोरी, मी परस्थान ते नीट ठेवेल व्हतं ना? मनं काही चुकनं का?"

पास सोमवारी घरातच चालू झाला, एवढं एक वाक्य तिथे बोललं असतं तर चारूची दिल्ली वाचली असती. पण ते वाक्य आधी त्या म्हातारीच्या छातीत घुसलं असतं. हात तिचा होता, मनगट धरणारा लेक होता. तो म्हणाला असता की आईनेच केलं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. त्याने ती सोय आधीच करून ठेवली होती. करून सवरून नामानिराळा राहणं याला म्हणतात. ललिताने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"नही आत्याबाई," ललिता म्हणाली. "तुमनं काहीच चुकनं नही. पास निवडाले मीच चुकनू."

म्हातारीने सुटकेचा श्वास सोडला. परस्थान ठेवलं म्हणूनच भुरीबाई सुखरूप सापडल्या, असं ती पुढे सगळ्यांना सांगू लागली, आणि ललिता मान हलवत राहिली. चारू मात्र आईकडे अशी पाहत होती की मला ललिताच्या हातातून उडी मारून कुठेतरी फटीत जावंसं वाटलं. निवडताना ती शेजारी होती. निवड बरोबर होती हे तिला ठाऊक होतं. आपली आई खोटं बोलते आहे आणि तेही आपल्याविरुद्ध, एवढंच तिला त्या वेळी दिसलं.

आषाढ संपला. होकार गेला नाही. ईश्वरभाऊंनी शब्द मोडला असं कोणी म्हणू शकत नाही. जमलं तर, असंच त्यांनी म्हटलं होतं. गटाचं पुढारपण दुसऱ्या बाईकडे गेलं. ललिता अजून झारा चालवते, पण कुठे माल पाठवायचा, कुठून केळी आणायची, असं कोणी विचारलं की ती म्हणते, तुम्हीच ठरवा.

आणि मी? चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी माझी गत झाली. मला टीव्हीखाली ठेवलं. पाहुण्यांसमोर ईश्वरभाऊ मला उचलतात आणि म्हणतात, "ही पाहा आमच्या बाईंची दिल्ली. आली आणि संपली." लोक हसतात. तेही हसतात, हळूच, आवाज न वाढवता.

परवा पिंपळनेरहून पाहुणे चारूला बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, मग माझा खेळ झाला. मुलाची आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "गेली नाही ते बरंच झालं. दिल्लीला शिकलेली पोरगी आमच्या घरात कशाला टिकली असती?" ईश्वरभाऊंनी समाधानाने मान डोलावली. जी गोष्ट पोरीच्या हातून हिसकावली, तीच आता तिचा गुण म्हणून मोजली जात होती. चारू कपबश्या गोळा करत होती.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून ललिता म्हणाली, "पास बरोबर होता."

ईश्वरभाऊंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. चारूने चमकून आईकडे पाहिलं. धुरपदाबाई कोपऱ्यात डुलक्या घेत होती.

"काय म्हणालात?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

ललिता सासूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काही नाही. चहा घेता का अजून?"

लग्न ठरलं. येत्या मार्गशीर्षात आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. छत्री म्हणते मला वाळवून ठेवा, पुस्तक म्हणते माझी पानं दुमडू नका. मला स्वतःसाठी काही नको. मला वळचणीला फेका, नाहीतर कात्रीने कापा. तुम्हाला एवढंच सांगतो, तुमचा प्रवास सुरू करायचं काम दुसऱ्याच्या हाती देऊ नका, मग तो हात कितीही मायेचा असो. बारीक अक्षरं स्वतः वाचा. आणि घरात जो माणूस ती वाचतो, चष्मा खिशात ठेवतो आणि गोड बोलतो, त्याच्यापासून स्वतःला जपा. आवाज चढवणाऱ्यापेक्षा तो वाईट.

दिल्लीच्या त्या वर्गात चारूची जागा आता दुसऱ्या कुणा मुलीने घेतली असेल. ती रोज सकाळी मेट्रोच्या दाराशी आपला पास टेकवत असेल. तिला मी ओळखत नाही. पण तिच्यासाठी दार उघडत असू दे, एवढीच माझी इच्छा आहे.